नाशिकची हिप हॉप लेबलं : पोरं तयारीची, कारभार भंगार

खटका_बटण (धागाकर्ता)

हा धागा संगीतात टाकावा की नोकरी-व्यवसायात, ठरत नव्हतं. वाचून तुम्हीच सांगा.

सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड, कुठल्याही कट्ट्यावर आज दोन-चार रॅपर सापडतात आणि त्यातले काही खरोखर चांगले आहेत. त्यांच्या मागोमाग लेबलंही (गाणी काढणाऱ्या कंपन्या) उगवली. आपल्याकडे लेबल म्हणजे एक लोगो, एक यूट्यूब चॅनल आणि इन्स्टाच्या बायोत 'फाउंडर' लिहिलेला एक दादा. मी मिक्सिंग-मास्टरिंग करतो, अशा काही लेबलांची कामं माझ्याकडे येतात. नावं घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. गाव लहान आहे, उद्या कॉलेज रोडला समोरासमोर चहा प्यायचाय.

काम कसं येतं ते सांगतो. बीट (रॅपखालचं वाजणारं संगीत) एमपी३ मध्ये, तीही यूट्यूबवरून उतरवलेली, मधूनमधून विक्रेत्याचा टॅग, म्हणजे नावाची हाक, वाजतोय. आवाज इतका चढवून रेकॉर्ड केलेला की लाटेची डोकी छाटलेली. डबल (तीच ओळ दुसऱ्यांदा म्हटलेली) आणि ॲडलिब (मधले उद्गार) एकाच ट्रॅकवर चिकटवलेले. टेम्पो विचारला तर 'तुम्हीच काढा ना दादा'. आणि खाली सूचना: 'फुल लाऊड पाहिजे, उद्या संध्याकाळी ड्रॉप (रिलीज) आहे.'

लाऊडचं एकदा लिहूनच टाकतो. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर सगळी गाणी साधारण -१४ एलयूएफएसला (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं. तुम्ही -६ ला ठेचून आणलेलं गाणं ते खाली ओढतं. मग उरतो चपटा स्नेअर आणि घसा बसल्यासारखा आवाज. जरा मोकळं ठेवलेलं गाणं त्याच पातळीवर जास्त दणकट लागतं. ८०८ चंही (रॅपमधला खोल बेस) तसंच. चाळीस-पन्नास हर्ट्झचा बेस मोबाइलच्या स्पीकरला झेपत नाही. तो जाणवावा म्हणून त्याचे वरचे हार्मोनिक उभे करावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. वेळ मागितला की उत्तर येतं, 'रिलीजचा शुक्रवार चुकेल.'

सगळे म्हणतात क्वालिटी नाही, कारण माइक नाही, रूम नाही, पैसा नाही. मला हे पटत नाही. गोधड्या टांगलेल्या खोलीत घेतलेली अप्रतिम व्हर्स (रॅपचं कडवं) माझ्याकडे आलेली आहे. क्वालिटी जाते, कारण पोराला 'हे परत घे' म्हणणारा माणूस लेबलमध्ये नसतो. बीट कोणाची, ओळी कोणी लिहिल्या, हिस्सा कुणाचा किती, मूळ फाइली कुठल्या हार्ड डिस्कवर, याची नोंद कुठेच नसते. धोरण एकच: आठवड्याला एक गाणं. एकाच मुलाची सलग गाणी ऐका, पाचव्यात पहिल्याचाच फ्लो (शब्द तालावर टाकायची ढब) निघतो, कारण मध्ये त्याच्या आयुष्यात काही घडायला कोणी उसंतच दिलेली नाही. माझ्या मते लेबलवाल्याचं निम्मं काम गाणं अडवण्याचं असतं. आपल्याकडे कोण अडवतंय?

अनुभव लिहा. शिव्या नकोत.


एमएच_पंधरा

दादा, मिक्सिंगचं तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण मला पहिला माइक कोणी दिला? लेबलवाल्या भाईने. घरी सांगितलं असतं तर बापाने आयटीआयचा फॉर्म पुढे केला असता. कॅफेत गेलो तर म्हणतात गिटारवर हिंदी कव्हर गाणार असशील तर ये. कालिदास नाट्यगृहाचं भाडं आम्हाला परवडत नाही. लेबल नसतं तर मी आजही पवननगरच्या ग्राउंडवर मोबाइलवर बीट लावून सायफर (गोलात उभं राहून आळीपाळीने रॅप) करत असतो.

हां, एक आहे. माझी चार गाणी आलीत, पैसा किती आला ते मला माहीत नाही. भाई म्हणतो अजून काहीच आलं नाही. खरंच येत नाही का?


रेकॉर्डवेडा

पंधरा, तुझ्या शेवटच्या प्रश्नातच या धंद्याचा सगळा इतिहास आहे. मला थोडं सैल सोडा, लांबण लागणार आहे.

१९७९ मध्ये रॅप पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर विकलं गेलं ते न्यू जर्सीच्या शुगर हिल या लहानशा लेबलमुळे. चालवणारी सिल्व्हिया रॉबिन्सन स्वतः गायिका आणि निर्माती, कान पक्का. पण त्या पहिल्याच हिट गाण्यातल्या काही ओळी रॅपर ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतून उचललेल्या होत्या. त्याचं ना नाव लागलं, ना पैसा मिळाला. पुढे लेबलच्या इतर कलाकारांच्याही मानधनाच्या तक्रारी झाल्या आणि ऐंशीचं दशक संपायच्या आत लेबल आटोपलं. म्हणजे खटका म्हणतात ती नोंदवही पहिल्या गाण्यापासूनच गायब आहे.

आठवड्याला एक गाणं या धोरणाचा आजोबा म्हणजे न्यू ऑर्लिन्सचा रॅपर मास्टर पी याचं नो लिमिट हे लेबल. करार मात्र त्याने हुशारीने केला होता, मास्टरची, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची, मालकी स्वतःकडे आणि वितरकाला लहानसा वाटा. कौतुक वाटावं असा. पण १९९८ या एका वर्षात वीसहून जास्त अल्बम काढले. तोच बीट बनवणारा संच, तीच पाहुणी मंडळी, एकाच साच्यातली मुखपृष्ठं. लोक आधी वेडे झाले, मग कंटाळले. २००३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. यात गुंडगिरी नाही, फसवणूक नाही, नुसता अतिरेक आहे. म्हणून मला हे उदाहरण डेथ रो या लेबलपेक्षा जास्त शिकवणारं वाटतं. डेथ रोची (१९९१ ते २००६) गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिथे दहशत होती, रॅपर-निर्माता डॉ. ड्रे १९९६ मध्ये बाहेर पडला, शेवटी दिवाळं निघालं आणि २०२२ मध्ये तेच नाव स्नूप डॉगने विकत घेतलं. सिनेमासारखं आहे, पण आपल्या पाथर्डी फाट्याला त्याचा उपयोग शून्य.

कॅश मनी या लेबलचंही ऐका. रॅपर लिल वेन त्यांचा घरचा मुलगा म्हणावा इतका जुना, आणि त्यानेच २०१५ मध्ये ५.१ कोटी डॉलरचा दावा ठोकला. अल्बम तयार असून अडकला, तडजोड होऊन बाहेर यायला २०१८ उजाडलं.

उलट बाजूला मिनिआपोलिसचं ऱ्हाइमसेयर्स, १९९५ चं. ना न्यूयॉर्क, ना लॉस एंजेलिस. मुंबई-पुण्याच्या मानाने नाशिक जसं, तसं ते गाव. त्यांनी स्वतःचं रेकॉर्डचं दुकान चालवलं, गावोगाव गाडीने दौरे केले, थोडीच माणसं घेतली आणि ती धरून ठेवली. कॅन्सस सिटीकडचं स्ट्रेंज म्युझिकही असंच: टेक नाइन हा कलाकार आणि ट्रॅव्हिस ओ'ग्विन हा हिशेब बघणारा व्यावसायिक, दोघांनी १९९९ मध्ये मिळून काढलं. टी-शर्टपासून ट्रकपर्यंत सगळं घरचं. माझं ठाम मत, दोघांपैकी एक जण हिशेबाचा वेडा हवाच.


फाट्यावरचा

मी एक छोटं लेबल चालवतो. नाव विचारू नका. वरचं वाचून इतका तापलो होतो की जेवण करून मग लिहितोय.

खटका साहेब, तुम्ही मिक्सचे पैसे घेता आणि मोकळे होता. पंधराच्या भाईला पैसा खरंच आला नसेल, हे कोणी का बोलत नाही? २०२४ पासून स्पॉटिफायवर गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नाहीत तर रेकॉर्डिंगचा पैसाच मोजला जात नाही. आमच्या निम्म्या गाण्यांचं तिथेच संपतं. जे पुढे जातात त्यांचा रिपोर्ट दोन-तीन महिन्यांनी येतो आणि रक्कम इतकी की चौघांत वाटायला बसलो तर वडापावसुद्धा येणार नाही.

मग लेबल चालतं कशावर? सांगतो, हसू नका. वाढदिवसांवर. 'भाऊंचा वाढदिवस' असला की महिनाभर आधी फोन येतो, भाऊंवर रॅप पाहिजे, त्यात प्रभागाचं नाव, ड्रोन शॉट, दहा गाड्या. तो पैसा रोख आणि वेळेवर. त्यातून माइक येतो, त्यातून व्हिडिओवाल्याचा हप्ता जातो. निवडणूक जवळ आली की माझा स्टुडिओ आणि प्रचार कार्यालय यात फरक राहत नाही. आता सांगा, ज्या पोराने रात्री दोनपर्यंत भाऊंच्या बुलेटवर सोळा ओळी लिहिल्या, त्याच्याकडून सकाळी स्वतःचं गाणं मागायचं कसं? मला क्वालिटी कळत नाही असं नाही. मी सातपूरला शिफ्ट करून येतो, संध्याकाळी सातनंतर मी लेबल असतो.

आणि पोरंही कमी नाहीत. एकाने परस्पर बॉटचे स्ट्रीम विकत घेतले. वितरकाने (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी चढवणारी कंपनी) गाणं तर काढलंच, वर दंड माझ्या खात्याला. दुसऱ्याला मुंबईच्या कोणी डीएम केला तर व्हिडिओ अर्धवट टाकून गायब. हा हिशेब कोणत्या वहीत लिहू?


खटका_बटण (धागाकर्ता)

फाट्यावरचा, मनापासून लिहिलंत, आवडलं. वाढदिवसाचं गाणं माझ्याकडेही येतं आणि कबूल करायला हवं, त्याच्या स्टेम (वेगवेगळ्या ट्रॅकच्या फाइली) सगळ्यात व्यवस्थित असतात. कारण तिथे गिऱ्हाईक दारात उभं असतं. भाऊंसाठी 'परत घे' म्हणणारा माणूस आहे, स्वतःच्या कलाकारासाठी नाही. मी म्हणतोय ते हेच.

रिपोर्टमध्ये शून्य असेल तर शून्याचाच कागद पोराला दाखवा ना. 'काही आलं नाही' हे तोंडी ऐकलं की संशय येतो, स्क्रीनशॉट बघितला की पोरगंच म्हणतं, भाई राहू दे.


मखमलाबादची_वकील

धागा उशिरा बघितला. गाण्यातलं मला फार कळत नाही, पण या मुलांचे 'करार' माझ्याकडे येतात. बऱ्याचदा स्टॅम्पपेपरवर इंग्रजीतून, कुठूनतरी उतरवलेले, त्यात न्यायक्षेत्र कॅलिफोर्निया. वाद झाला तर सातपूरचा मुलगा कुठे जाणार आहे?

थोडं सोप्या भाषेत. एका गाण्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. ओळी ही साहित्यकृती, बीट ही संगीतकृती आणि रेकॉर्डिंग तिसरं. रेकॉर्डिंगच्या बाबतीत कायदा 'निर्माता' त्याला मानतो, ज्याने ते करण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली. म्हणजे स्टुडिओचे पैसे लेबलने भरले, सगळी जुळवाजुळव लेबलने केली, तर मास्टरवर लेबल दावा सांगू शकतं. पण त्यामुळे ओळी आणि बीट आपोआप लेबलच्या होत नाहीत. मुलं या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि लेबलवालेही.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. हक्क द्यायचे तर लेखी, देणाऱ्याच्या सहीने. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत आणि करारात वेगळं काही नमूद नसेल, तर त्या न वापरलेल्या हक्कांचं हस्तांतरण संपतं. ज्यांची गाणी 'नंतर काढू' म्हणून हार्ड डिस्कवर पडून आहेत त्यांनी हे वाक्य परत वाचावं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देताच येत नाही, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाला. 'एकरकमी घेतले, आता काही मागणार नाही' असं लिहून घेतलेलं असलं तरी मुलांनी घाबरू नये. रॅपर आणि बीटमेकर दोघांनी आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचं सदस्यत्व बघावं, ती संस्था १९६९ पासून हेच वसुलीचं काम करते.

एक फार महत्त्वाचं: १८ च्या खालच्या मुलाने सही केलेला करार मुळातच शून्य. १९०३ च्या एका निकालापासून हे पक्कं आहे. लेबलवाल्यांनी हे स्वतःच्या भल्यासाठी लक्षात ठेवावं, कारण सगळ्यात जास्त बघितली जाणारी गाणी बऱ्याचदा अकरावी-बारावीतल्या मुलांचीच असतात. पालकांना बसवून बोला. आईला समजावताना जी वाक्यं अडतील, तीच कराराची खरी गडबड असते.


एमएच_पंधरा

ताई, आणि भाई म्हणाला की सोडून गेलास तर पाच वर्षं दुसरीकडे गाता येणार नाही?


मखमलाबादची_वकील

करार चालू असताना 'फक्त आमच्याकडेच गा' ही अट सहसा टिकते. करार संपल्यानंतरही गाऊ नको, ही टिकत नाही. १८७२ च्या कंत्राट कायद्यात उपजीविकेवर अशी बंदी शून्य ठरवली आहे. तुझा कागद घेऊन ये, नुसतं ऐकून सांगता येणार नाही. फी नको, पण कागद स्वतः वाचून ये.


ढोलमास्तर

मी बीट बनवतो. वर सगळ्यांनी बीटमेकरचा उल्लेख केला, त्याबद्दल आभार. यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमध्ये एवढाही होत नाही.

माझं एक उदाहरण. नाशिक ढोल तुम्हाला माहीत आहेच. गणपतीत पथकाच्या सरावाला जाऊन मी रेकॉर्डर लावून बसलो होतो. एकेक टोल, टिपरूचा एकेक फटका, ताशाची तर्री वेगळी. घरी येऊन तुकडे केले, त्यावरून बीट बांधली. एका लेबलने ती घेतली, पैसे अर्धे दिले. नंतर कळलं की तीच बीट त्यांनी दुसऱ्या एका चॅनलला 'आमचीच आहे' म्हणून दिली. मग पहिल्या गाण्यावर कंटेंट आयडीचा (गाणं ओळखून मालकी सांगणारी यूट्यूबची यंत्रणा) क्लेम लागला, दुसऱ्यावर पहिल्याचा, आणि फोन मला. प्रोजेक्ट फाइल माझ्याकडे आहे हे सांगितल्यावर सगळे गोड बोलायला लागले.

ऑनलाइन लीजवर घेतलेल्या बीटचंही सांगून ठेवतो. ती बीट तुमच्यासारख्या अजून शंभर जणांकडे असते. लीजमध्ये किती स्ट्रीमपर्यंत वापरायची याची मर्यादा असते, ती कोणी वाचत नाही. अशा गाण्यावर कंटेंट आयडी लावायचंच नसतं. तरी लेबलवाला सगळ्या खुणा टिक करून मोकळा होतो, मग बाहेरदेशीचा कोणीतरी रॅपर मेल करतो की माझं गाणं तुमच्यामुळे अडकलं.

पथकाला मी विचारलं होतं, त्यांनी आनंदाने हो म्हटलं, नाव द्या एवढंच म्हणाले. गाण्यावर त्यांचं नाव नाही. याची मला लाज वाटते आणि लेबलला वाटत नाही.


रेकॉर्डवेडा

ढोलमास्तर, परवानगीचं तुम्ही केलंत ते फार कमी लोक करतात. सॅम्पलच्या भानगडीने किती नुकसान होतं बघा. डी ला सोल हा नावाजलेला रॅप गट, पहिला अल्बम १९८९ चा, पण सॅम्पलच्या परवानग्या आणि टॉमी बॉय या लेबलशी पैशांचा वाद यात त्यांचे सुरुवातीचे अल्बम स्ट्रीमिंगवर मार्च २०२३ पर्यंत आलेच नाहीत. एका आख्ख्या पिढीने त्यांना ऐकलंच नाही. गटातला एक जण तर ते अल्बम यायच्या काही आठवडे आधी वारला. परवानग्या घेतल्या तेव्हा पुढे डाउनलोड आणि स्ट्रीमिंग येईल याचा विचार कागदावर नव्हता. म्हणजे कागद असूनही अपुरा पडला, इथे तर कागदच नाही.


खान्देशी_भो

आम्हा अहिराणीवाल्यांना तुम्ही शहरी रॅपर लोक हसता, पण दोन गोष्टी शिकून घ्या भो. आमचं गाणं लग्नसराईच्या आधी येतं, लग्नसराई संपल्यावर नाही. मालेगाव, धुळे, जळगाव, सगळ्या डीजे आणि बँडवाल्यांकडे फाइल आधी पोचलेली असते. यूट्यूबवर गाणं चढलं त्या दिवशी ते वरातीत वाजायला लागलेलं असतं. तुमचं गाणं भर परीक्षेत येतं आणि मग म्हणता नाशिककर सपोर्ट करत नाहीत.

गायकाला रॉयल्टी वगैरे आमच्याकडेही फारशी नाही, ते खोटं बोलणार नाही. एकदाच पैसे देऊन बऱ्याच ठिकाणी मिटवतात. वकीलताईंनी लिहिलेलं आमच्या ग्रुपवर टाकतोय.


देवळाली_कॅम्प

मी रॅप करते. लेबलसाठी मी 'हुकमधली पोरगी' आहे, हुक म्हणजे गाण्यात परत परत येणारा भाग. व्हर्स लिहून नेली की म्हणतात मस्त आहे, पण आधी हुक घेऊ. शीर्षकात 'फिट' (पाहुणी कलाकार) लावून माझं नाव, तेही वेगळ्या स्पेलिंगने. त्यामुळे स्पॉटिफायवर माझी दोन वेगवेगळी पानं झाली आहेत, आणि त्यातलं एक माझ्याच नावाच्या परदेशी गायिकेच्या पानाला जोडलं गेलंय. दुरुस्तीची विनंती लेबलने करायला हवी, आणि लेबलला ते काम वाटतच नाही.

व्यवस्थापन म्हणजे नुसता हिशेब नाही हेही लिहा कोणीतरी. शो रात्री साडेदहाला सुरू होणार, मला सहाला बोलावून ठेवायचं, परत देवळालीला सोडायची सोय नाही. मॅनेजर कोण, तर ज्याच्याकडे बुलेट आहे तो. माझे पप्पा विचारतात जबाबदार कोण, तर मला एक नंबर देता येत नाही. मग मी शो सोडते आणि ग्रुपवर 'मुली सिरीयस नसतात' असा मेसेज येतो.


फाट्यावरचा

देवळाली, माझ्याकडे मुली गातात, त्यांना शोनंतर मी स्वतः गाडीने सोडतो. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.


देवळाली_कॅम्प

तुम्हाला मोजलंच नाही दादा. सोडता हे चांगलंच आहे. पण तुम्ही आजारी पडलात तर कोण सोडणार, हे ठरलंय का?


गोदाकाठी

वय झालेल्या माणसाने मध्ये बोलावं का, माहीत नाही. नातू रॅप ऐकतो म्हणून हा धागा वाचला.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक याच जिल्ह्याचे. जन्म १९२२, गेले २००४ ला. गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम केले. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते 'वामन' हे नाव गुंफत. गाणं कोणीही गावो, कुठल्याही जयंतीला गावो, शेवटच्या ओळीत कवी हजर. संतांच्या अभंगापासूनची ही रीत आहे. नातवाच्या गाण्यांत सुरुवातीला बीट बनवणाऱ्याचं नाव कुजबुजतं, ते मला त्याच रीतीतलं वाटलं. खटका यांनी तो टॅग दोष म्हणून सांगितला आहे, तेवढं मला पटलं नाही.

बाकी कार्यक्रमाला बोलावून बिदागी न देणारे आयोजक आमच्याही काळात होते. फक्त ते स्वतःला सीईओ म्हणवत नसत.


खटका_बटण (धागाकर्ता)

काका, टॅग दोष नाही, फुकट उतरवलेल्या बीटवरचा टॅग दोष आहे. पैसे देऊन घेतली की टॅग बीटमेकर ठरवेल तिथेच वाजतो. ढोलमास्तरांचा टॅग मी कधीच काढत नाही.

वामनदादांचं मात्र डोक्यात बसलं. मी आता एक नियम करतोय: गाणं मिक्सला देताना लेबलने एक पान भरून द्यायचं. ओळी कोणाच्या, बीट कोणाची आणि कशी घेतली, गायक कोण, नावांची स्पेलिंगं ठरलेली, हिस्सा किती, सगळ्यांच्या सह्या. मूळ वेव्ह फाइली दोन ठिकाणी. आणि फाइल माझ्याकडे रिलीजच्या किमान तीन आठवडे आधी. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं तर निदान ७ दिवस आधी ते त्यांच्याकडे लागतं, 'उद्या ड्रॉप' म्हणणाऱ्यांचा तो रस्ता आधीच बंद झालेला असतो. पान नसेल तर काम घेणार नाही. गिऱ्हाइकं जातील, जाऊ देत.

वकीलताई, पानाचा मसुदा मराठीत बघून द्याल का?


मखमलाबादची_वकील

देते. तारीख आणि मुदत हे दोन रकाने वाढवा. आणि १८ खालच्यासाठी पालकांची सही वेगळी घ्या, पण ती फक्त परवानगी समजा, मुलगा कराराने बांधला गेला असं समजू नका.


फाट्यावरचा

पान मी वापरून बघतो, पण 'परत घे' म्हणणारा माणूस पगारावर ठेवायची माझी ऐपत नाही. खटका, महिन्यातून एक संध्याकाळ तुम्ही येऊन बसा. आम्ही सगळी गाणी लावतो, तुम्ही कोणती अडवायची ते सांगा. पोरांसमोर सांगा, मला मागे सांगू नका. ढोलमास्तर आणि देवळाली आल्या तर बरंच. वाढदिवसाचं गाणं वाजवणार नाही, शब्द.


खटका_बटण (धागाकर्ता)

येतो. पण अडवलेलं गाणं शुक्रवारी आलं तर पुढच्या महिन्यात येणार नाही.


देवळाली_कॅम्प

संध्याकाळी म्हणजे किती वाजता, आणि संपणार किती वाजता, हे आधी लिहा.


फाट्यावरचा

पाच ते आठ. आता एक मदत पाहिजे. आमची पहिली सगळी गाणी ज्या वितरकाच्या खात्यात आहेत ते खातं जुन्या पार्टनरच्या नावावर आहे. तो आता गल्फला. वर्षाची वर्गणी संपत आली, भरली नाही तर गाणी उतरतील. दुसरीकडे हलवली तर स्ट्रीमचे आकडे शून्य होतात का?


रेकॉर्डवेडा

होत नाहीत, नीट केलं तर. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी नावाचा कोड असतो. नवीन वितरकाकडे चढवताना तोच जुना कोड टाकायचा, ऑडिओ फाइल तीच, नाव आणि कलाकाराचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर तेच. आधी नवीन चढवा, दोन्ही एकत्र दिसायला लागली की मग जुनं उतरवा. उलटं केलंत तर मधल्या काळात प्लेलिस्टमधून गाणं निघून जातं. कोड जुन्या खात्यातच दिसतील, त्यामुळे आधी लॉगिन मिळवा.


फाट्यावरचा

लॉगिन त्याच्या मेव्हण्याच्या मेलवर आहे. मेव्हणा नाशिकरोडला असतो. माझ्यावर चिडलेला आहे.


ढोलमास्तर

कोणता मेव्हणा, ताशावाला? त्याला मी ओळखतो. रविवारी मिसळ खायला बोलावतो, तुम्ही या. माझे उरलेले अर्धे पैसे घेऊन या.


फाट्यावरचा

ते लेबल माझं नव्हतं हो मास्तर.


ढोलमास्तर

माहीत आहे. मग मिसळीचे तुम्ही द्या.